चेहऱ्यावरचे मुरूम आणि भिंतीवरचे कॅलेंडर

मुरुमांची तक्रार घेऊन मुलगी दवाखान्यात येते, तेव्हा ती सहसा एकटी येत नाही. बरोबर आई असते, कधी मावशी, कधी वहिनी. मी चेहरा पाहते, काय काय लावून झाले ते विचारते आणि मग हमखास एक प्रश्न करते, "शेवटची पाळी कधी आली होती?"

मुलगी आईकडे पाहते. आई छताकडे पाहत हिशेब मांडते. "मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी हिला अडचण होती, घट मी एकटीनेच मांडला. म्हणजे बघा..." उत्तर सापडते, पण मुरुमांसाठी आलो असताना डॉक्टरीणबाई पाळीचे का विचारतात, हे कोडे दोघींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. आजचा लेख या कोड्याबद्दल आहे.

याच आईच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असते. त्यावर दुधाचे खाडे असतात, गॅसचे सिलिंडर कधी लावले ते असते, कामवालीच्या सुट्ट्या, भिशीची तारीख, क्लासची फी, सगळे असते. नसते ती फक्त एक नोंद. घरातल्या मुलीची पाळी केव्हा आली, ही. वाचक भगिनींनो, माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की ही एक नोंद कॅलेंडरवर यायला हवी. ती आली तर मुरुमांसाठी आणलेल्या निम्म्या ट्यूब घरात येणारच नाहीत, आणि ज्या मुलीला खरोखर डॉक्टरांची गरज आहे ती वेळेवर दवाखान्यात पोहोचेल.

महिनाभरात काय घडते?

पाळी सुरू होते तो चक्राचा पहिला दिवस धरतात. चक्र २८ दिवसांचेच असले पाहिजे असे नाही. प्रौढ स्त्रीला २१ ते ३५ दिवसांच्या अंतराने पाळी येत असेल तर ती नियमितच समजावी.

पहिल्या काही दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरके, म्हणजे आपण ज्यांना हार्मोन्स म्हणतो ती, कमी प्रमाणात असतात. या दिवसांत काही जणींची त्वचा कोरडी वाटते. पुढे इस्ट्रोजेन वाढू लागते. ते त्वचेत पाणी धरून ठेवायला मदत करते. दुसऱ्या आठवड्यात चेहरा टवटवीत वाटतो असे अनेक जणी सांगतात, ते उगाच नाही. चक्राच्या मध्याला बीजकोशातून बीज बाहेर पडते आणि त्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढते. गर्भ राहिला नाही, तर शेवटच्या दिवसांत ही दोन्ही संप्रेरके घसरतात आणि पाळी येते.

या दोघांखेरीज एक तिसरा गट आहे. ज्यांना पुरुषी संप्रेरके म्हणतात ती स्त्रीच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतात, आणि असायलाच हवीत. चेहऱ्यावरच्या तैलग्रंथी त्यांचे ऐकतात. महिनाभरात त्यांच्यात इस्ट्रोजेनइतका चढउतार होत नाही. पण पाळीच्या आधी इस्ट्रोजेन उतरले की त्यांचा प्रभाव जास्त जाणवतो. केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्राचे तोंड मृत पेशींनी बुजलेले असते. आत तेल साठते, त्यात नेहमीचेच जंतू वाढतात, सूज येते आणि पाळीच्या आधीच्या सात-दहा दिवसांत हनुवटीवर, जबड्याच्या कडेला लाल, दुखरा मुरूम वर येतो. पाळी सुरू झाली की तो हळूहळू बसतो.

अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४०० स्त्रियांना याबद्दल विचारले होते. त्यांतील ४४ टक्के स्त्रियांनी पाळीआधी मुरूम वाढतात असे सांगितले, आणि तिशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये ही तक्रार जास्तच आढळली. म्हणजे हा केवळ कॉलेजच्या वयाचा प्रश्न नाही. दोन मुलांची आई असलेली शिक्षिका जेव्हा "या वयात मला हे काय?" असे ओशाळून विचारते, तेव्हा मी तिला हेच सांगते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आज वर आलेला मुरूम आज तयार झालेला नसतो. छिद्र बुजण्याची क्रिया त्वचेच्या आत काही आठवडे आधीच सुरू झालेली असते. काल पेढा खाल्ला आणि आज मुरूम आला, हा हिशेब म्हणूनच जुळत नाही. आणि म्हणूनच दिसणाऱ्या मुरुमावर ठिपका लावून फारसे साधत नाही. उपचार करायचाच तर तो सगळ्या चेहऱ्यावर, महिनाभर आणि नेमाने करावा लागतो.

उष्णता, मळ आणि बिघडलेले रक्त

आपल्याकडे मुरुमांची कारणे प्रत्येक घरात तयार असतात. कोणी म्हणते उष्णता झाली. कोणी म्हणते पोट साफ नाही. कोणी म्हणते रक्त बिघडले. आणि आजीचे म्हणणे असते, लग्न झाले की जातील.

यात रागावण्यासारखे काही नाही. आजीने जे पाहिले ते खरेच होते. मुरूम येत आणि वय वाढले की बहुतेकींचे जात. फक्त त्याचे श्रेय लग्नाला मिळाले. रक्त मात्र बिघडलेले नसते. नियमित पाळी येणाऱ्या आणि पाळीआधी चार मुरूम येणाऱ्या मुलीच्या रक्तातील हार्मोन्स तपासले तर बहुतेक वेळा ते योग्य प्रमाणातच निघतात. तिच्या तैलग्रंथी त्यांना जरा जास्त प्रतिसाद देतात, इतकेच. अशा मुलीला हजारो रुपयांच्या तपासण्यांचे पॅकेज करण्याची गरज नाही.

चेहऱ्यावरचे काळे ठिपके म्हणजे मळ, हीही एक समजूत. तो काळा रंग धुळीचा नसतो. छिद्राच्या तोंडाशी असलेल्या पेशींतील रंगद्रव्याचा तो रंग आहे. त्यामुळे दिवसातून पाच वेळा साबण लावला, खरखरीत पंचाने चेहरा घासला, तरी तो जात नाही. उलट त्वचा सोलवटते आणि मुरूम चिघळतात. लिंबू चोळून उन्हात गेल्यास चेहरा भाजू शकतो. टूथपेस्ट ही दातांसाठी आहे. मसुराच्या डाळीचे पीठ किंवा मुलतानी माती हलक्या हाताने लावायला माझी हरकत नाही, पण त्याने मुरूम बरे होतील अशी आशा धरू नये. केसांना चोपडून तेल लावून रात्री तसेच झोपण्याची सवय असेल, तर कपाळावरच्या बारीक पुटकुळ्यांचे कारण ते तेल असू शकते.

खाण्याबद्दल विचाराल, तर भज्यांतले तेल चेहऱ्यातून बाहेर येत नाही. गोड शीतपेये, बिस्किटे, मैद्याचे पदार्थ यांनी रक्तातली साखर झपाट्याने वाढते, आणि अशा आहाराचा मुरुमांशी काही संबंध असल्याचे अभ्यास सांगतात. ते कमी केलेले बरेच. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, भाज्या हा आपला जुना आहार या बाबतीतही चांगला आहे.

चार दिवसांचा चमत्कार

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळते.

एक मुलगी माझ्याकडे आली. गाव आणि तालुका सांगत नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. आठ महिन्यांपूर्वी तिला बघायला पाहुणे येणार होते. नेमके आधीच्या आठवड्यात हनुवटीवर तीन-चार मुरूम आले. घरात धावपळ झाली. शेजारणीने एका ट्यूबचे नाव सांगितले. भावाने औषधाच्या दुकानातून ती आणली, कोणी चिठ्ठी विचारली नाही. चार दिवसांत लाली गेली, चेहरा उजळ दिसू लागला. पाहुणे येऊन पोहे खाऊन गेले. लग्न जमले नाही, पण ट्यूब घरात राहिली. पुढच्या महिन्यात पुन्हा मुरूम, पुन्हा ट्यूब. मग मुरूम नसतानाही रोज रात्री ट्यूब, कारण तिने चेहरा गोरा दिसतो.

माझ्याकडे आली तेव्हा तिच्या गालांवरची त्वचा पातळ होऊन आतल्या बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या. गालांवर लव वाढली होती. मुरूम पूर्वीच्या चौपट झाले होते. उन्हात आणि गॅसच्या शेगडीसमोर चेहऱ्याची आग होत होती. ट्यूब बंद केली की दोन दिवसांत सगळा चेहरा फुलून येई, म्हणून ती बंद करण्याची भीती वाटत होती. मुरूम राहिले बाजूला, आता तिला ट्यूबचेच दुखणे जडले होते.

त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते. स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. इसब, सोरायसिस अशा विकारांत आम्ही त्वचारोगतज्ज्ञ ते नेहमी वापरतो, पण किती तीव्रतेचे, शरीराच्या कोणत्या भागावर आणि किती दिवस, हे ठरवून. चेहऱ्याची त्वचा नाजूक असते. तिथे तीव्र स्टिरॉइड महिनोन्महिने लावणे म्हणजे भिंतीची ओल दिसू नये म्हणून भिंतच खरवडत राहण्यासारखे आहे.

ही एका मुलीची गोष्ट नाही. देशभरातील १२ केंद्रांमधील त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइडची मलमे लावत होते. म्हणजे शंभरात जवळजवळ पंधरा. अनेकांनी ती गोरेपणासाठी किंवा मुरुमांसाठीच सुरू केली होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने बरीच वर्षे पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टिरॉइडांच्या मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची जी सूट होती ती काढून घेतली. कायदा झाला. पण महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून ज्या नाशिकमध्ये आहे, त्याच नाशिकमध्ये चिठ्ठीशिवाय घेतलेल्या ट्यूब पर्समध्ये घालून मुली आजही माझ्याकडे येतात.

औषध विक्रेत्यांपैकी अनेक जण चोख व्यवहार करणारे आहेत, हे मी जाणून आहे. त्यांना माझी विनंती आहे की चेहऱ्यासाठी ट्यूब मागणाऱ्या मुलीला "चिठ्ठी आणा" हे दोन शब्द जरूर सांगा. गिऱ्हाईक नाराज होईल, पण एक चेहरा वाचेल. वाचकांनीही ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावावी. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसले तर ती ट्यूब डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय चेहऱ्याला लावू नये. आणि बरेच दिवस लावत असाल तर एकदम स्वतःच बंद करून घाबरून न जाता आधी डॉक्टरांना दाखवावे. ती सोडवावी लागते. वेळ लागतो, पण सुटते.

आता त्या पहिल्या आठवड्याकडे परत जाऊ. त्या घरात कॅलेंडरवर तारीख लिहिलेली असती, तर आईला दिसले असते की पाळी चार दिवसांवर आली आहे आणि मुरूम आठवडाभरात आपोआप बसतील. पाहुण्यांना "पुढच्या आठवड्यात या" म्हणता आले असते. प्रत्येक कार्याला पंचांग उघडणाऱ्या आपल्या घरांना एवढे जड जाऊ नये. आणि चार मुरुमांवरून जे स्थळ नकार देणार, ते स्थळ कितपत चांगले, याचाही विचार आईवडिलांनी करावा. २०२० साली एका नामांकित क्रीमने आपल्या नावातला गोरेपणाचा शब्द काढून टाकला. आपल्या बोलण्यातून तो कधी निघणार?

कॅलेंडर वेगळेच सांगू लागले तर

नोंद ठेवण्याचा दुसरा फायदा याहून मोठा आहे. बहुतेकींच्या बाबतीत ती नोंद "काळजी नको" असे सांगते. काही जणींच्या बाबतीत मात्र ती "आता थांबू नका" असे सांगते.

एका आईने मुलीच्या मानेचा मळ जात नाही म्हणून तक्रार केली होती. वज्रीने घासून घासून मान सोलली होती, तरी काळेपणा तसाच. तो मळ नव्हता. मानेवर, काखेत अशी मखमलीसारखी जाड, काळसर त्वचा होते, तेव्हा शरीरात इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याची ती अनेकदा खूण असते. मुलीला चौकशी केली तर पाळी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येत होती. हनुवटीवर राठ केस होते, ते ती गुपचूप कापत होती. मुरूम तर होतेच. आई म्हणाली, "पाळी लांबते म्हणजे सुटकाच की, म्हणून बोललो नाही."

या मुलीला पीसीओएस होते. आपल्याकडे सर्रास पीसीओडी म्हणतात तेच. दर दहा स्त्रियांपैकी साधारण एकीला हा त्रास असतो. यात पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव वाढतो, बीज वेळेवर बाहेर पडत नाही, पाळी लांबते. पुढे गर्भधारणेत अडचण येऊ शकते, मधुमेहाचा धोका वाढतो, आणि वर्षानुवर्षे पाळी फार लांबत राहिली तर गर्भाशयाच्या अस्तरालाही धोका असतो. यातील पहिली खूण पुष्कळदा चेहऱ्यावर दिसते. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाने पाळीचे विचारणे ही भोचकपणाची गोष्ट नाही.

मात्र घाईने शिक्काही मारू नये. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होणे स्वाभाविक असते, आणि त्या वयात मुरूमही येतातच. सोनोग्राफीच्या एका चित्रावरून तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला "तुला पीसीओडी आहे" असे सांगून आयुष्यभराची धास्ती लावणे चुकीचे आहे. तसेच हा आजार फक्त जाड मुलींना होतो हेही खरे नाही. बारीक मुलींनाही होतो.

पुढील गोष्टी आढळल्या तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ यांना दाखवावे. पाळी नेहमीच ३५ दिवसांपेक्षा लांबते, किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा येते. हनुवटीवर, ओठांवर, छातीवर राठ केस वाढतात. मान काळी पडते. मुरूम महिन्याच्या कोणत्याही दिवसात, खोल, गाठीसारखे येतात आणि खड्डे पाडतात. आणि थोड्याच महिन्यांत आवाज घोगरा झाला, केस झपाट्याने विरळ झाले, तर एक आठवडाही थांबू नये.

कॅलेंडरवर आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे रक्तस्राव किती दिवस चालतो. आठवड्याहून जास्त दिवस जात असेल, गाठी पडत असतील, तर फिकट चेहरा, थकवा आणि केस गळणे यांवर फेशियलचा उपयोग नाही. हिमोग्लोबिन तपासावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. आपल्या घरातल्या दोघींपैकी एक, असे समजून चालावे.

वांग, ऊन आणि पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या

गालांवर, कपाळावर येणाऱ्या तपकिरी डागांना आपण वांग म्हणतो. पोटात काही दोष असल्याने वांग येतो असे बायकांना सांगितले जाते आणि त्या बिचाऱ्या मनात कुढतात. वांगाची मुख्य कारणे तीन. ऊन, आनुवंशिकता आणि स्त्री-संप्रेरके. म्हणूनच तो गरोदरपणात आणि संततिनियमनाच्या गोळ्या घेताना काही जणींना येतो किंवा वाढतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत खरड छाटणीपासून काढणीपर्यंत उन्हात राबणाऱ्या बायकांमध्ये तो किती आहे, हे पाहायला दुर्बीण लागत नाही. त्यांना महागडे क्रीम लिहून देण्याआधी मी रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून गालांवर घेतलेला सुती रुमाल सांगते. जमेल त्यांनी ३० किंवा अधिक एसपीएफचे सनस्क्रीन लावावे. गोळ्या चालू असतील तर त्या स्वतः बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलून पर्याय शोधावा.

नाशिक हे तीर्थक्षेत्र. घरी गणपती, मंगळागौर, वणीच्या देवीचे दर्शन, नात्यातले लग्न, असे काही आले की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या जातात. त्या गोळ्याही संप्रेरकांच्याच असतात. एखाद्या वेळी डॉक्टरांना विचारून घेतल्या तर सहसा बिघडत नाही. पण वर्षातून चार-पाच वेळा, स्वतःच्या मनाने, जावेने घेतल्या म्हणून आपणही, हे बरे नव्हे. मुरूम वाढणे, अंग जड होणे, पाळीचे चक्र विस्कटणे हे तर होतेच. ज्यांना पूर्वी रक्तात गुठळी झाली आहे किंवा तीव्र अर्धशिशी आहे, त्यांना या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. देवाला आपण रजस्वला असण्याची अडचण होत असेल असे मला वाटत नाही. पण ज्यांना वाटते त्यांनीही निदान डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

मग करायचे काय?

साध्या गोष्टी आधी. सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने दिवसातून दोनदा चेहरा धुवावा. मुरूम फोडू नये. आरशासमोरची ती दोन मिनिटे पुढे दोन वर्षांचा डाग देतात. नाशिकच्या हिवाळ्यात त्वचा कोरडी पडते, तेव्हा हलके, तेलविरहित मॉइश्चरायझर चालते. स्कूटरवर जाताना मुली तोंडाला स्कार्फ बांधतात, तो उन्हासाठी उत्तम. पण तोच घामट स्कार्फ आठवडाभर वापरू नये, रोज धुवावा.

एवढ्याने भागले नाही तर औषधे आहेत आणि चांगली आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइड, रात्री लावायचे ॲडापॅलीन ही त्यांतली नेहमीची. पहिले काही आठवडे त्वचा थोडी कोरडी होते, चुरचुरते. फरक दिसायला दोन ते तीन महिने, म्हणजे दोन-तीन पाळ्या जाव्या लागतात. अनेक जणी तिसऱ्या आठवड्यातच "गुण नाही" म्हणून सोडतात आणि चार दिवसांत चमत्कार करणाऱ्या ट्यूबकडे वळतात. इथेच घोटाळा होतो. पाळीआधी फारच त्रास होणाऱ्या काही स्त्रियांना संप्रेरकांच्या गोळ्यांचाही उपयोग होतो, पण तो निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांचा. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर ते आधी सांगावे. मुरुमांवरची काही औषधे, विशेषतः आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, गर्भात गंभीर व्यंग निर्माण करतात.

आणि कॅलेंडर. पाळी आली त्या तारखेला एक बारीक गोल करावा, थांबली त्या तारखेला फुली. ज्या दिवशी मुरूम वर आले त्या दिवशी एक टिंब. तीन महिन्यांनी पान उलटून पाहावे. टिंबे गोलाच्या आधी ओळीने दिसली तर तुमचे उत्तर तुम्हाला मिळाले. ती सगळ्या महिन्यात विखुरलेली असली, किंवा दोन गोलांतले अंतर वाढत चालले असले, तर तेच पान घेऊन डॉक्टरांकडे जावे. मोबाइलवर ॲप आहेत, तीही चालतील. पण भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक गुण मोबाइलमध्ये नाही. ते घरात सगळ्यांना दिसते.

दिसू द्या की

इथे वाचकांपैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. भिंतीवर? सासऱ्यांसमोर, दिरासमोर? कावळा शिवला, अडचण आहे, बाहेरची आहे, असे शंभर आडपडदे आपण या एका साध्या गोष्टीसाठी शोधले. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ अशी २६ वर्षे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, शरीराच्या गोष्टी मराठीत उघडपणे लिहिल्या आणि त्यापायी कोर्टकचेऱ्या सोसल्या. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी आपल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याला जागा आहे आणि मुलीच्या पाळीला नाही.

लाज वाटते म्हणून आई नोंदवत नाही, मुलगी बोलत नाही, बाप विचारत नाही. ही गप्प राहण्याची किंमत मी रोज दवाखान्यात पाहते. कुठे ती सोललेली मान असते, कुठे स्टिरॉइडने जळलेला गाल, कुठे लग्नानंतर चार वर्षे मूल होत नाही तेव्हा कळलेले पीसीओएस. ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही किंवा आईसमोर बोलवत नाही, अशा मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांची मैत्री क्लिनिक आहेत. तिथे विनामूल्य सल्ला मिळतो. शाळेतल्या बाईंनी मुलींना त्यांची माहिती द्यावी.

परवा एक वडील मुलीला घेऊन आले. आई नव्हती. मी नेहमीचा प्रश्न विचारला. मुलगी गप्प. वडिलांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. कॅलेंडरचे मागच्या महिन्याचे पान होते. "ताई, हिची आई असताना ती लिहायची. आता मीच लिहितो," ते म्हणाले.

त्या मुलीला मी एक साधे मलम लिहून दिले. तपासणी एकही सांगितली नाही. गरजच नव्हती. सगळे त्या पानावर लिहिलेले होते.